फ्युएल सेलचं व्होल्टेज मधेच का पडतं? पाणी की कोरडेपणा?

प्रश्न:
छोटा पेम स्टॅक (हायड्रोजन आणि हवेपासून वीज करणाऱ्या सेलची चळत) चालवतोय, हायड्रोजन बाटलीतून, हवा पंख्याने. सुरुवातीची १५-२० मिनिटं मस्त चालतो, मग लोड वाढवला की एकदोन सेलचं व्होल्टेज वरखाली व्हायला लागतं आणि एकदम खाली येतं. हायड्रोजन बाहेर पडतो त्या नळीत पाण्याचे थेंब दिसतात. पण मेम्ब्रेन (सेलमधला पातळ पडदा) ओलं ठेवायचं असतं ना, मग पाणी कमी करू की वाढवू?

उत्तर १:
थेंब दिसतायत आणि व्होल्टेज नाचतंय म्हणजे बहुतेक पाणी तुंबलंय. पाणी तयार होतं कॅथोडला (हवेच्या बाजूला), पण मेम्ब्रेनमधून झिरपत अ‍ॅनोडकडेही (हायड्रोजनच्या बाजूला) येतं आणि वायूचे चॅनल अडवतं. अ‍ॅनोडचा पर्ज व्हॉल्व्ह (तुंबलेलं पाणी वायूसोबत बाहेर सोडणारी झडप) क्षणभर उघडून बघ, व्होल्टेज झटकन वर आलं तर दोष तिथेच.

उत्तर २:
वरचं बरोबर, पण घाईने सगळं कोरडं करू नकोस रे! प्रोटॉन (हायड्रोजनचे धन कण) मेम्ब्रेनमधल्या पाण्याच्या आधारानेच पलीकडे जातात, मेम्ब्रेन सुकलं की रेझिस्टन्स वाढतो, सेल तापतो आणि अजून सुकतो. सुकल्यावर व्होल्टेज सहसा हळूहळू उतरतं, असं उड्या मारत नाही. तापमानही मोज, कारण ८० अंशाची हवा ६० अंशाच्या हवेपेक्षा दुपटीहून जास्त वाफ सोबत नेते, त्यामुळे थंड स्टॅक लवकर तुंबतो.

प्रश्नकर्ता:
पर्ज केल्याकेल्या दोन्ही सेल वर आले!! आता ठराविक वेळाने आपोआप उघडेल असं करतो, खूप आभार.