छोट्यांसाठी टेबल घ्यावं की उभा फळा? तुमचे अनुभव सांगा

लेक २१ महिन्यांची झाली आहे. हातात काहीही आलं की ते कशावर तरी उमटवून बघायचं, हा तिचा सध्याचा उद्योग. जमीन, कपाटाचं दार, माझी वही, तिची स्वतःची पोटरी, सगळीकडे रेघोट्या. त्या पुसताना दर वेळी वाटतं, हिला हक्काची एक जागा द्यायला हवी. म्हणून दोन आठवडे टेबलं आणि उभे फळे बघतेय, आणि जितकं बघावं तितका गोंधळ वाढतोय.

एक चूक आधीच करून बसले आहे, ती सांगते. ती चालायला लागली तेव्हा ‘बरीच वर्षं पुरेल’ म्हणून टेबल-खुर्ची आणली. खोक्यावर २ ते ८ वर्षं असं छापलेलं. खुर्चीत बसवलं की पाय लोंबकळायचे आणि टेबलाची कड थेट काखेत यायची. बिचारी कोपर वर उचलून एखादी रेघ ओढायची आणि दोन मिनिटांत सरकत खाली उतरायची. मला वाटलं, हिला चित्रं काढायची आवडच नाही. मग एके दुपारी जमिनीवर मोठा कागद पसरला, तर बाईसाहेब पालथ्या पडून वीस मिनिटं हलल्या नाहीत. आवड होतीच, टेबल तिच्या मापाचं नव्हतं.

एक ते साडेतीन वर्षांचं मूल घरात आहे किंवा होतं, अशा सगळ्यांनी लिहा. काय घेतलं, मुलाने खरंच किती वापरलं, काय घेऊन पस्तावलात. घरी बनवलं असेल तर मापं जरूर द्या. काहीच न घेता छान चाललं असेल तर तेही हवंय.

दोन मुलांचा बाबा

तुमच्याकडे झालं तेच आमच्याकडे झालं. उपाय सापडला तो मुलालाच मोजण्यात. वय विसरा. त्याला अनवाणी, पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसवा आणि पाऊल पूर्ण जमिनीला टेकेपर्यंत पुस्तकं कमी-जास्त करा. गुडघा काटकोनात आला की गठ्ठ्याची उंची मोजा, ती खुर्चीची उंची. मग हात कोपरात दुमडून कोपर जमिनीपासून किती वर आहे ते बघा. टेबल तेवढंच किंवा बोटभर वर.

युरोपात शाळा-बालवाड्यांच्या फर्निचरसाठी ईएन १७२९ नावाचं मानक आहे. त्यात ८० ते ९५ सेंमी उंचीच्या मुलाला २१ सेंमीची बैठक आणि ४० सेंमीचं टेबल सांगितलंय. पुढचं माप ९३ ते ११६ सेंमीच्या मुलांचं, बैठक २६ आणि टेबल ४६. म्हणजे बैठक आणि टेबल यांत साधारण १९-२० सेंमीचं अंतर राहतं. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी निम्मी टेबलं बघताक्षणी बाद होतात. आमचं टेबल ५० चं होतं आणि पोरगं ८६ सेंमीचं. सुताराकडून पाय १० सेंमी कापून घेतले, खुर्चीही त्या हिशोबाने उतरवली. त्याच दिवसापासून तो आपणहून तिथे जाऊन बसायला लागला.

बालवाडीतली ताई, १४ वर्षं

टेबल वाईट नाही, पण निवड करायचीच असेल तर या वयाला मी उभा फळा आधी घेईन. कारण सांगते.

दीड-दोन वर्षांच्या मुलाची रेघ बोटांतून येत नाही, खांद्यातून येते. खडू मुठीत धरलेला असतो आणि अख्खा हात फिरतो. पुढे दोन-तीन वर्षांच्या आसपास बोटं खडूवर वरून धरायला लागतात. आपण मोठी माणसं पेन धरतो तशी तीन बोटांची पकड बऱ्याच मुलांत चारच्या आगेमागे बसते. उभ्या पृष्ठभागावर या खांद्याला मोकळं रान मिळतं. शिवाय मनगट आपोआप किंचित मागे वळतं, आणि पुढे बोटांनी बारीक काम करायला मनगटाची हीच ठेवण लागते. हे शिकवावं लागत नाही, फळा उभा असला की होतं.

मागच्या वर्षी अडीच वर्षांचा एक मुलगा होता, कागदाला हातच लावायचा नाही. एकदा उभ्या कागदावर त्याने निळ्या रंगाचा भरलेला कुंचला टेकवला आणि एक थेंब खाली ओघळायला लागला. त्याने कुंचला सोडून दिला. बोट त्या थेंबाच्या पुढे धरलं आणि थेंब जसा उतरेल तसं बोट खाली सरकवत गेला, कागदाच्या कडेपर्यंत, मग फळीवर, मग जमिनीवर उकिडवा बसून. वर बघून मला म्हणाला, “गेला.” त्यानंतर रोज सकाळी तो आधी फळ्यापाशी जायचा. टेबलावरच्या कागदावर थेंब ओघळला नसता.

दोन गोष्टी मात्र पाळा. कागदाचा मधला भाग मुलाच्या छातीच्या उंचीला हवा. आणि खडूचे छोटे तुकडे द्या, अंगठ्याच्या पेराएवढे, पण खडू तोंडात घालायची सवय सुटल्यावरच. एवढासा तुकडा मुठीत पकडता येत नाही, त्यामुळे तो चिमटीत धरावाच लागतो.

आणखी एक, टेबल घेणाऱ्यांसाठी. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केलं, तेव्हा जमिनीला ठोकलेल्या बाकांऐवजी मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या करून घेतल्या. खुर्ची पडली तर तिचा आवाजच मुलाला सांगतो की आपलं काहीतरी चुकलं, असा त्यांचा विचार होता. मला तो रोज खरा ठरताना दिसतो. खुर्ची हलकी हवी, फळा जड हवा. दुकानात नेमकं उलटं दिसतं.

पावणेदोन वर्षांच्या मुलीची आई

ताईंचं सगळं पटलं, तरी फळ्याबद्दल सावध करायला लिहितेय. आमच्याकडे दुहेरी, घडीचा फळा होता, इंग्रजी ए सारखा उभा राहणारा. एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला पांढरा. तो उघडा ठेवण्यासाठी एक बारीक दोरी होती, बस. मुलीने एका बाजूला रेटलं, दोन्ही फळ्या मिटल्या आणि बिजागरीच्या फटीत तिची करंगळी सापडली. नख काळं पडलं आणि आठवडाभर ती फळ्याकडे बघूनच हात मागे घ्यायची. ती करंगळी आठवली की अजून पोटात गोळा येतो.

घडीचा घेणार असाल तर दुकानात स्वतः ढकलून बघा. उघडल्यावर दांडी खट्कन अडकते का? बिजागरीत तुमचं बोट जातं का? खालच्या ट्रेवर पूर्ण भार दिला तर अख्खा फळा पुढे झुकतो का? कारण ट्रे ही त्यांच्यासाठी पायरी असते, ती त्यावर चढणारच.

आम्ही शेवटी त्या फळ्या सुट्या केल्या आणि काळी बाजू भिंतीवर स्क्रूने पक्की बसवली. खालची कड जमिनीपासून ३० सेंमीवर, वरची साधारण १०० वर. बिजागरी नाही, पाय नाहीत, पडायचा प्रश्नच नाही. तिला परत जवळ यायला दहा-बारा दिवस लागले. पहिल्या दिवशी तिने फक्त ओल्या फडक्याने फळा पुसला. पुसणं तिला अजूनही लिहिण्याइतकंच आवडतं.

जुळ्यांची आई

दोघांसाठी एकच टेबल घेतलं, चौकोनी, चारही बाजू सारख्या. एकाची बाजू लांब आणि एकाची आखूड असती तर रोज भांडण झालं असतं. खुर्च्या एकाच रंगाच्या.

वरचं झाकण उघडून आत खेळणी ठेवायचं टेबल घेऊ नका. झाकण उघडायचं तर वरचं सगळं उचलावं लागतं, आणि झाकण बोटांवर पडतं. तसंच ठोकळे बसवायला वर छोटे छोटे उंचवटे असलेलं टेबल. ठोकळ्यांना उत्तम, पण त्यावर कागद ठेवून रेघ ओढली की खडू उड्या मारतो. वरचा भाग उलटा करून सपाट बाजू वापरता येत असेल तरच घ्या.

दीड वर्षाच्या नातीचे आजोबा

नातीसाठी टेबल मी स्वतः केलं. निवृत्तीनंतर हात शिवशिवत होतेच. बैठक २१, टेबल ४०, म्हणजे वर दोन मुलांच्या बाबांनी दिलेलीच मापं. ती मला तेव्हा ठाऊक नव्हती, मी पोरीला पायरीवर बसवून मोजलं होतं.

लाकडाबद्दल सांगतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, दिसायला गुळगुळीत, स्वस्तही, पण छोट्या मुलांच्या टेबलावर पाणी सांडणारच. कडेची पट्टी एकदा सुटली की आत पाणी मुरतं, कड फुगते आणि परत बसत नाही. चांगला प्लाय किंवा साधं भरीव लाकूड घ्या. कोपरे नाण्याच्या गोलाईचे करा आणि टेबलाची खालची बाजूही सँडपेपरने घासा. वरून सगळे घासतात, पण मुलं टेबलाखाली शिरतात आणि हात खालून धरतात. कुसळ तिथेच शिरतं. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत टेबल खोलीबाहेर ठेवा.

माझी चूक माझ्या मुलाने वेळीच थांबवली. मी जुन्या दाराची फळी वापरणार होतो, चांगली जाड होती, वर रंगाचे तीन-चार थर. तो म्हणाला, बाबा, जुन्या रंगात शिसं असतं, घासलं की धूळ होऊन पोरीच्या पोटात जाईल. त्याचं बरोबर होतं. लहान मुलांच्या मेंदूला शिसं थोडंसुद्धा बाधतं. आता अनेक देशांत रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, आहे, जुन्या रंगांत ते याच्या कित्येक पट असू शकतं. म्हणून वारशाने आलेलं, पापुद्रे सुटलेलं टेबल कितीही जिव्हाळ्याचं असलं तरी मुलाला देऊ नका. फळी मी टाकून दिली.

अडीच वर्षांच्या मुलाची मावशी

पांढऱ्या फळ्याविषयी. भाच्याने खूप वेळ खपून एक मोठं गोल गरगरीत काहीतरी काढलं, ते दाखवायला मला हाताला धरून आणलं, आणि वळताना त्याच्याच बाहीने ते पुसलं गेलं. तो फळ्याकडे बघत राहिला, मग बाहीकडे, आणि जे रडला ते थांबेना. आम्हाला ‘पुसता येतं’ हा गुण वाटत होता. आता पांढऱ्या बाजूला चिमट्याने कागद लावतो.

त्याच फळ्यासोबत चुंबकाची छोटी फुलं आली होती. ती मी त्याच दिवशी काढून घेतली. एकाहून जास्त चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या दोन वळ्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात, भोक पडू शकतं, शस्त्रक्रिया करावी लागते. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला सुमारे ३२ मिमी रुंद नळकांडं वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते असं धरतात. मार्करची टोपणंही या हिशोबात मोजा.

स्नायू सैल असलेल्या मुलाचे बाबा

आमचा मुलगा तीन वर्षांचा आहे. त्याला फार वेळ उभं राहता येत नाही, आणि सपाट टेबलावर तो पुढे झुकून अक्षरशः कागदावर डोकं टेकवायचा. ऑक्युपेशनल थेरपिस्टने टेबलावर तिरकी फळी ठेवायला सांगितली, साधारण २० अंशांचा उतार, वर कागद अडकवायला पट्टी. खुर्चीला हात आणि पायाखाली घट्ट पाट. बस एवढंच.

पहिल्या दिवशी तो ताठ बसला. त्याच्या डोळ्यांसमोर कागद होता आणि कागदापलीकडे मी होतो. तो रेघ ओढायचा आणि मान वर करून माझ्याकडे बघायचा. आधी मला त्याच्या डोक्याचा फक्त भोवराच दिसायचा. टेबल की फळा या वादात ही मधली वाट कुणी सांगत नाही, म्हणून लिहिलं.

पाण्याचं टेबल घेतलेली आई

वाळू-पाण्याचं उभं टेबल आमच्याकडे सगळ्यात जास्त वापरलं गेलं. कड मुलाच्या कमरेपर्यंत हवी, छातीपर्यंत नको, नाहीतर ते लोंबकळून आत वाकतं. चार बोटं पाण्यातही मूल बुडू शकतं, त्यामुळे हाताच्या अंतरावर थांबा आणि खेळ संपला की लगेच रिकामं करा. ‘नंतर ओतते’ म्हणायचं नाही.

काहीच न घेतलेले आईबाबा

मोठं पुठ्ठ्याचं खोकं. पिना काढा, मुलाला आत बसवा, हातात तेलखडू द्या. चारही भिंती त्याच्या. खोकं फाटलं की दुसरं. कपाटाच्या दाराला कागदी चिकटपट्टीने मोठा कागद. सव्वातीन वर्षांपर्यंत एवढ्यावर भागलं.

धागा सुरू करणारी

सगळं दोनदा वाचलं. काल लेकीला भिंतीला टेकवून मोजलं, ८३ सेंमी. आज कपाटाच्या दाराला तिच्या छातीच्या उंचीवर कागद लावला आणि तिने उभ्याने, पाय फाकवून, दोन्ही हातांनी रेघा ओढल्या. भिंतीवरचा फळा नक्की करणार. पण ते जुनं टेबल टाकवत नाही, कापून बघायचंय. आजोबा, त्याचे पाय तिरके आहेत, बाहेर फाकलेले. आरपार सरळ कापले तर टेकणार नाहीत ना?

आजोबा

ताई, पायाला काटकोनात कापलंत तर नाही टेकणार. टेबल सपाट जमिनीवर उभं करा. जेवढं कापायचं तेवढ्या उंचीचा लाकडी ठोकळा घ्या, त्यावर पेन्सिल आडवी धरा आणि ठोकळा जमिनीवरून सरकवत प्रत्येक पायाभोवती चारही बाजूंनी रेघ फिरवा. ती रेघ पायावर तिरकी दिसेल, पण जमिनीला समांतर असेल. तिच्यावरूनच करवत चालवा. पेन्सिलीच्या निम्म्या जाडीएवढी रेघ ठोकळ्याच्या वर येते, ते आधी वजा करा. कापल्यावर कडा घासा आणि रबरी बूट घाला.

खुर्चीलाही हीच रीत. फक्त तिरके पाय कापले की खालचा पसारा कमी होतो, म्हणून लेकीला बसवण्याआधी खुर्चीची पाठ हाताने मागे दाबून बघा. सहज उलटत असेल तर मागच्या दोन पायांखाली एक लांब आडवी पट्टी ठोका, मागे चार बोटं बाहेर येईल अशी, आणि तेवढ्याच जाडीची पट्टी पुढच्या पायांखालीही, नाहीतर खुर्ची पुढे कलेल. या पट्ट्यांची जाडी पाय कापतानाच हिशोबात धरा.