पेशी पोसणं म्हणजे गोठा सांभाळणं

एकांनी लिहिलंय, सिलिकॉन चिपऐवजी जिवंत पेशींवर चालणारे संगणक आले की विजेचा प्रश्नच मिटला. मेंदू साधारण २० वॅटवर चालतो हे खरं. पण त्याला पोसणारं शरीर हिशेबात धरलंय का?

मी कोल्हापुरात एका लॅबमध्ये पेशी वाढवतो. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दोन-तीन दिवसांनी खाद्य बदलायचं. त्यापेक्षा म्हशी पाळलेल्या परवडल्या! एकदा जंतू शिरले. सकाळी बघतोय तर पेशींच्या खाद्याचा गुलाबी द्रव पिवळा, गढूळ. तीन आठवड्यांचं काम बेसिनमध्ये.

२०२२ मध्ये मेलबर्नच्या कॉर्टिकल लॅब्ज या कंपनीनं सुमारे ८ लाख चेतापेशींना पाँग हा चेंडू टोलवायचा जुना व्हिडिओ गेम खेळायला लावलं, ते मात्र लई भारी. चेंडू टोलवला की पेशींना ठरावीक लयीतला विद्युतसंकेत, चुकला की नुसता विजेचा गोंगाट. पेशी गोंगाट टाळायला शिकल्या. अर्थात, खेळ यथातथाच.

मला जीवाणूंकडून जास्त आशा आहे. २००० सालीच ई. कोलाय या जीवाणूमध्ये, संगणकात असतो तसा, जनुकांचा चालू-बंद स्विच बसवून झालाय. पंचगंगेच्या पाण्याच्या नमुन्यात विषारी धातू सापडला की चमकणारा जीवाणू मिळाला, तर आपल्याला तेवढा संगणक बास.