‘क्विन्तेतो’ला वृंद म्हणावे की पंचक?

प्रश्न : अर्जेंटिनाचे टँगो संगीतकार आस्तोर पियाझोला यांच्या नव-टँगोची परंपरा चालवणाऱ्या ‘क्विन्तेतो आस्तोर पियाझोला’ या पाच वादकांच्या संचाबद्दल लिहिताना ‘वाद्यवृंद’ शब्द चालेल का? आणि ‘आर्रास्त्रे’ला, म्हणजे टँगोतल्या ठोक्याआधीच्या घसरणीला, मींड म्हणावे का?

उत्तर १ : वृंद नको. टँगोत वृंद म्हणजे ‘ओर्केस्ता तिपिका’: तीन-चार बांदोनेऑन (भात्याचे, बटणांचे वाद्य), साधारण तितकीच व्हायोलिन, पियानो, डबल बेस. तिथे एकच ओळ तिघे-चौघे मिळून वाजवतात. पियाझोलांनी १९६० साली बांधलेल्या संचात बांदोनेऑन, व्हायोलिन, पियानो, इलेक्ट्रिक गिटार आणि डबल बेस, प्रत्येकी एकच. एकजण चुकला की त्याची ओळच गळते, झाकायला दुसरा कोणी नसतो. ‘पंचक’ अगदी चपखल आहे. मात्र त्यांच्या १९८९च्या सहाजणांच्या संचाला ‘षटक’ म्हणू नका, तो शब्द क्रिकेटने घेतला. सरळ ‘सहा वाद्यांचा संच’ लिहावे.

उत्तर २ : मींड साफ चुकीची. मींडेत दोन्ही टोकांचे स्वर ठरलेले असतात. आर्रास्त्रे निघते खालच्या धूसर जागेतून, ठोक्याच्या साधारण अर्धा ठोका आधी. आवाज फुगत जातो आणि ठोक्यावर येऊन आदळतो. बेसवर बोट तारेवरून घसरते, पियानोवर डाव्या हाताने खर्जातले लागोपाठचे सूर झपाट्याने घेतात. नवखे वादक घसरण ठोक्यावरच सुरू करतात, त्यामुळे वजन उशिरा पडते आणि अख्खे पंचक मागे ओढले जाते. मूळ क्रियापदाचा अर्थ ‘फरफटत ओढणे’. मी ‘ओढ’ सुचवेन. ‘घसीट’ नको, ती सतार-सरोदवाल्यांच्या कानात वेगळ्या अर्थाने बसली आहे.

उत्तर १ : ‘ओढ’ मान्य. ‘चिचार्रा’ मात्र तसाच ठेवावा. मूळ अर्थ सिकाडा, झाडावर कर्कश ओरडणारा कीटक. व्हायोलिनच्या घोडीपलीकडे, जाड तारेवर गज घासून तो खरखरीत आवाज काढतात. ‘किरकिर’ म्हटले की तक्रारीचा वास येतो.

प्रश्न : आणि ३-३-२ या टँगोतल्या लयीला ‘आठ मात्रांचा ठेका’ म्हणावे का?

उत्तर २ : मात्रा आठच, पण तेवढे लिहिले की वाचक केरवा समजेल, आणि त्याचे वजन १ आणि ५वर. इथे ते १, ४, ७वर. ‘३-३-२चे खंड’ लिहा. वाजवताना शेवटचा खंड नकळत तीनाएवढा लांबतो, मग वाल्झ (तीन-तीनच्या लयीतले पाश्चात्त्य नृत्य) ऐकू येतो. तो आखूडच राहायला हवा.