बेथोव्हेनच्या नऊ सिंफनी: कारायान की गार्डिनर?

प्रश्न: माझ्याकडे वाद्यवृंद-संचालक कारायानचा बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदासोबतचा, नऊ सिंफनींच्या ध्वनिमुद्रणांचा १९६१-६२चा संच आहे. जुन्या धाटणीच्या वाद्यांवरचा संचालक गार्डिनरचाही घ्यावा का?

प्रतिसाद: घ्याच. तिसऱ्या सिंफनीचा पहिला भाग लागोपाठ ऐका. बेथोव्हेनने दिलेली लय सेकंदाला एक आवर्तन, म्हणजे तीन मात्रा. गार्डिनर तिच्या बराच जवळ जातो. फक्त मिनिटं मोजून तुलना करू नका, फसाल: कारायान सुरुवातीच्या विभागाची पुनरावृत्ती गाळतो, त्यामुळे जलद असूनही गार्डिनर घड्याळात लांब दिसतो.

प्रतिसाद: त्याच भागाच्या अखेरीस ट्रंपेटकडे कान द्या. मुख्य धून उचलतो आणि मध्येच सोडतो. मूळ स्वरलिपीत तसंच आहे. जुने बरेच संचालक ती ट्रंपेटकडून पूर्ण वाजवून घेत. दणका छान, पण मला मूळच पटतं.

प्रतिसाद: संचालक क्लेम्पररचा संच विसरू नका. लय संथ, पण व्हायोलिनचा पहिला गट डावीकडे, दुसरा उजवीकडे. सातवी हेडफोनवर ऐका, दोघांतली देवाणघेवाण स्पष्ट कळते. आधुनिक वाद्यं आणि जलद लय दोन्ही हवं असेल तर संचालक शायीचा लाइपझिगच्या वाद्यवृंदासोबतचा संच.