पहाटे चारला पुण्यात एकटीने उतरल्यावर उजाडेपर्यंत कुठे थांबावे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी गडहिंग्लजला राहते, वय पंचेचाळीस. येत्या महिन्यापासून वर्षभर, दर महिन्याच्या एका शनिवार-रविवारी मला प्रशिक्षणासाठी कोथरूडला यायचे आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दुकान सोडता येत नाही आणि शनिवारी सकाळी दहाला वर्ग सुरू होतो, त्यामुळे रात्रीचा प्रवास टळत नाही. पुण्यात पूर्वी मावसबहीण होती, ती आता बंगळूरला स्थायिक झाली आहे. आजवर पुण्याला अनेकदा आले, पण प्रत्येक वेळी कोणीतरी न्यायला आलेले असे. आता उतरल्यापासून परतीच्या गाडीत बसेपर्यंत सगळे माझे मलाच पाहायचे आहे.

मुख्य अडचण गाडीच्या वेळेची आहे. आमच्याकडून रात्री नऊच्या सुमारास सुटणाऱ्या खासगी गाड्या पहाटे चारच्या आसपास पुण्यात पोचतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्या पुढे मुंबईला जाणाऱ्या असल्यामुळे शहरात शिरतच नाहीत. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, वाकड असे बाह्यवळणावर प्रवासी उतरवत जातात. गेल्या पावसाळ्यात तिकिटावर स्वारगेट लिहिलेले असतानाही एका गाडीच्या क्लीनरने आम्हांला नवले पुलापाशी उतरवले. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर मालट्रक भरधाव चाललेले, सेवा रस्त्यावर दिवा नाही, आणि गाडीचे दार उघडते न उघडते तोच एका रिक्षावाल्याने “कुठं जायचं ताई?” म्हणत माझी पिशवी हातातून घेऊन चालायलाच सुरुवात केली. भाऊ सोबत होता, त्याने पिशवी परत घेतली आणि प्रकरण तिथेच मिटले. त्या जागी एकटी असते तर मी काय केले असते, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

एसटीचाही विचार केला आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट असल्याने खर्च निम्म्यावर येतो आणि गाडी स्वारगेटच्या स्थानकात आत जाऊन थांबते, हे दोन्ही फायदे मोठे आहेत. मात्र मध्यरात्रीची गाडी धरायची तर आधी कोल्हापूरच्या स्थानकावर काही तास बसून राहावे लागते. म्हणजे तीच अडचण सव्वादोनशे किलोमीटर अलीकडे येते. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेस आहे, पण ती मध्यरात्रीनंतर पुण्यात पोचते, त्यामुळे ती वेळ आणखीच अवघड पडते.

स्वारगेटला उतरले तरी उजाडेपर्यंत स्थानकातच बसावे का, याबद्दल मनात शंका आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच स्थानकात पहाटेच्या वेळी फलटणला निघालेल्या एका तरुणीला ‘तुमची गाडी दुसरीकडे लागली आहे’ असे सांगून उभ्या असलेल्या शिवशाही बसकडे नेण्यात आले आणि तिच्यावर अत्याचार झाला, ही बातमी आपण सर्वांनी वाचली आहे. त्या वेळी स्थानकात माणसे होती. बोलणाऱ्याने तिला धमकावले नव्हते, उलट मदत करत असल्यासारखा तो बोलत होता, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. ‘वर्दळीच्या ठिकाणी थांबावे’ एवढा सल्ला त्यानंतर मला पुरेसा वाटत नाही.

दुसरा प्रश्न मुक्कामाचा. दूरध्वनीवर चौकशी केली तेव्हा एका लॉजच्या व्यवस्थापकाने ‘एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही’ असे सरळ सांगितले आणि कारण विचारल्यावर ‘नियम आहे’ एवढेच म्हणाला. असा काही नियम खरोखर आहे का? खोली कोणत्या भागात घ्यावी, ताब्यात घेताना काय तपासावे, आधार कार्डाची प्रत मागितली तर द्यावी का?

तिसरा प्रश्न असा की काही प्रसंग ओढवलाच, तर तक्रार पुण्यातच द्यावी लागते का? आमच्या भागातल्या बायका तक्रार करत नाहीत, त्यामागे ‘पुन्हा पुन्हा पुण्याच्या खेपा कोण घालणार’ हे एक मोठे कारण असते.

एक विनंती आहे. ‘कोणाला तरी सोबत घेऊन या’ हा सल्ला कृपया देऊ नये. दर महिन्याला सोबत येईल असे घरात कोणी नाही, आणि सोबत मिळेपर्यंत शिकणे थांबवायचे ठरवले तर ते कायमचेच थांबेल. मी येणार हे ठरलेले आहे. नीट कसे यावे, एवढेच विचारते आहे.

पहिला प्रतिसाद

ताई, मुक्कामाबद्दल तेवढे सांगते. एकट्या स्त्रीला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. तो त्या लॉजचा स्वतःचा खाक्या आहे आणि असे उत्तर देणाऱ्या जागी हट्टाने राहण्यातही अर्थ नाही. आपले वर्ग कोथरूडला आहेत, तेव्हा डेक्कन ते नळ स्टॉप या पट्ट्यात, मुख्य रस्त्यावर दर्शनी दार असलेली जागा पाहावी. ओळखपत्र द्यावेच लागते, परंतु आधारचे ‘मास्क्ड’ रूप प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. प्रतीवर तारीख आणि ‘फक्त या मुक्कामासाठी’ असे लिहून सही करावी. खोलीत पाऊल टाकल्यावर सामान ठेवण्याआधी दार लावून पाहावे: आतली कडी पूर्ण बसते का, बिजागऱ्या हलतात का, न्हाणीघराच्या खिडकीला गज आहेत का. कडी खिळखिळी असेल तर खोली बदलून मागावी, त्यात संकोच नको. हार्डवेअरच्या दुकानात दाराखाली सरकवायची रबरी पाचर थोडक्या पैशांत मिळते, ती पिशवीत असू द्यावी. स्वागतकक्षात चार माणसांसमोर कोणी खोलीचा क्रमांक मोठ्याने उच्चारला, तर दुसरी खोली मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

दुसरा प्रतिसाद

मी बरीच वर्षे रात्रपाळी केली आहे आणि पहाटेचे पुणे मला चांगले ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आपला मूळ प्रश्न उजाडेपर्यंत कुठे थांबावे हा आहे. माझे स्पष्ट मत असे की थांबायची वेळच येणार नाही अशी तजवीज करावी. खोली शनिवारी सकाळपासून न घेता शुक्रवारच्या रात्रीपासून घ्यावी आणि पहाटे साडेचारच्या सुमारास पोचणार असल्याचे आदल्या दिवशी दूरध्वनी करून सांगून, त्याचा लेखी संदेश मागवून ठेवावा. एका रात्रीचे भाडे जास्त जाते, हे मान्य आहे. पण महिन्यातून एकदा होणारा हा खर्च आपण एसटीच्या सवलतीत किंवा जेवणात वाचवू शकाल, आणि वर्गाला बसण्याआधी तीन तास पाठही टेकता येईल. रेल्वेच्या प्रतीक्षालयाचा पर्याय अनेक जण सुचवतील, मात्र तिथे बसायला रेल्वेचे तिकीट लागते, त्यामुळे बसने येणाऱ्याला त्याचा आधार धरता येत नाही.

गाडी निवडताना दर आणि आसन पाहण्याआधी उतरण्याच्या ठिकाणांची यादी पाहावी. कात्रजवरून स्वारगेटला आत येणारी गाडीच घ्यावी, मग ती शंभर-दोनशे रुपयांनी महाग असली तरी चालेल. चांदणी चौक नकाशावर कोथरूडला अगदी लागून दिसतो आणि म्हणून मोह होतो; परंतु २०२३ मध्ये नवे पूल झाल्यापासून तिथे रस्त्यांना इतके फाटे फुटले आहेत की पायी कुठून बाहेर पडावे ते अंधारात नवख्या माणसाला कळत नाही. कात्रजला गाडी आली की चालकाजवळच्या आसनावर जाऊन बसावे आणि ‘माझे तिकीट स्वारगेटचे आहे’ हे आधीच सांगून ठेवावे. महामार्गावर उतरवण्याचा आग्रह धरला तर उतरू नये. ‘मी ११२ वर बोलते’ असे शांतपणे म्हणावे आणि खरोखरच लावावा.

आपण स्वारगेटच्या घटनेतून जे टिपले आहे, ते मला फार महत्त्वाचे वाटते. गणवेशातला वाहतूक नियंत्रक किंवा चौकशीची खिडकी यांच्याखेरीज कोणीही गाडी, फलाट किंवा रिक्षा याबद्दल आपण होऊन माहिती देऊ लागला, तर ती खरी असो वा खोटी, त्याच्यासोबत चालू लागायचे नाही. ‘विचारून येते’ म्हणावे आणि खिडकीकडे वळावे. माणूस भला असेल तर त्याला यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. पुण्यात भल्या माणसांची उणीव नाही, पण पहाटे चारला भला कोण हे पारखत बसण्याची जबाबदारी प्रवाशाची नाही.

स्वारगेटहून पुढे जाण्यासाठी अॅपवरून रिक्षा किंवा टॅक्सी मागवावी, आणि ती येईपर्यंत स्थानकाच्या आत नियंत्रण कक्षासमोर थांबावे. गाडी आली की प्रथम क्रमांक जुळवावा, मग चालकालाच विचारावे, ‘कोणाच्या नावाने आहे?’ आपण आधी नाव सांगितले तर कोणीही ‘हो, तुमचीच’ म्हणेल. क्रमांकाचे छायाचित्र चालकाच्या देखत काढून घरी पाठवावे. व्हॉट्सअॅपवरून एक तासाचे थेट ठिकाणही पाठवता येते. मागच्या आसनावर चालकाच्या बाजूला न बसता डावीकडे बसावे आणि पिशवी दाराच्या बाजूला न ठेवता मांडीवर ठेवावी. सहा वाजले असतील तर हे काहीच करायला नको: मेट्रो सुरू होते, स्वारगेटहून जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत जाऊन तिथे वनाझकडे जाणारी गाडी धरली की नळ स्टॉप, आयडियल कॉलनी, आनंदनगर सगळे त्याच मार्गावर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून एकटीने येणाऱ्या बायकांची मोठी सोय झाली आहे. म्हणून गाडी कधी उशिराने, साडेपाचच्या पुढे पोचली, तर रिक्षा न करता अर्धा तास आत बसून मेट्रोनेच जावे, असे मी सुचवेन.

११२ ला दूरध्वनी लागला की पहिल्या वाक्यात जागा सांगावी, घडलेला प्रकार नंतर. कर्वे रस्ता आणि पौड रस्ता यांवर मेट्रोच्या खांबांना क्रमांक आहेत. ‘नळ स्टॉपच्या पुढे, अमुक क्रमांकाचा खांब’ एवढे सांगितले तरी पोलिसांना जागा नेमकी कळते. महिलांसाठीचे १०९१ आणि १८१ हे क्रमांकही साठवून ठेवावेत, पण तातडीच्या वेळी ११२ च लावावा.

तक्रारीबद्दल: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि तिच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. म्हणजे पुण्यात घडलेल्या गोष्टीची नोंद आपण गडहिंग्लजच्या ठाण्यात करू शकता. ते कागद पुण्याला पाठवतात. खबरीची प्रत विनामूल्य मिळते आणि ती मागून घ्यावी. ‘हद्द आमची नाही’ असे उत्तर मिळाले तर या कलमाचा उल्लेख करावा, आणि तरीही ऐकले नाही तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. पुढे तपासाच्या वेळी एखादी खेप पडू शकते, हे मात्र मनाशी धरून असावे. आपल्याकडच्या बायकांना हे कलम जरूर सांगावे, ही माझी आपल्याला विनंती आहे.

धागाकर्ती

दोघींचेही मनापासून आभार. शुक्रवार रात्रीपासून खोली घेण्याचे मनावर घेतले आहे. कलम १७३ ची माहिती मी बचत गटाच्या बैठकीत सांगणार आहे. आमच्या गटातल्या एकीच्या मुलीला मागे ‘पुण्यातच जा’ असे सांगून परत पाठवले होते.

एकच गोष्ट उरते. रविवारी वर्ग पाचला संपतो आणि परतीची गाडी रात्री दहाची आहे. खोली दुपारी बारालाच सोडावी लागेल. सामान घेऊन ते पाच तास कुठे काढावेत आणि गाडी कुठून धरावी?

दुसरा प्रतिसाद देणारी

सामान सकाळीच लॉजच्या स्वागतकक्षात ठेवून पावती घ्यावी, आणि संध्याकाळी तिथेच येऊन हात-पाय धुऊन, जवळपास जेवून निघावे. कोथरूडला राहत असलात तरी गाडी चांदणी चौकातून धरू नये; रात्री दहाला महामार्गाच्या कडेला उभे राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत बसावे लागते. वनाझकडून मेट्रोने नऊच्या सुमारास निघालात तर साडेनऊपर्यंत स्वारगेटला सहज पोचाल. मेट्रो अकरापर्यंत असते. गाडी ज्या कार्यालयासमोर लागते, त्या कार्यालयाच्या आत बसून घ्यावे. गाडीचा क्रमांक आणि चालकाचा दूरध्वनी दुपारीच संदेशाने येतो. आला नाही तर आपण मागून घ्यावा. कोणी येऊन ‘गाडी पुढच्या चौकात लागली आहे, चला’ म्हणाले, तर आधी कार्यालयातून त्याच क्रमांकावर बोलून खात्री करावी आणि इतर प्रवासी निघाल्यावरच उठावे.