ऑक्टोबरची श्रवणसंध्या : बेर्नार्दा फिंक

मृणाल, सांस्कृतिक समिती (ग्राझ)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या श्रवणसंध्येचा विषय अजून पक्का झालेला नाही. या खेपेस शेजारच्या स्लोव्हेनियाकडे वळावं, आणि शास्त्रीय गळ्यानं शास्त्रीयाबाहेरचं गाणं गाणारं कुणी घ्यावं, असं समितीत बोलणं झालं. मारिबोर इथून तासाभरावर, ब्लेडच्या तळ्यावर आपल्यातले बरेच जण जाऊन आलेत, पण तिथलं गाणं मात्र आपल्या कानावर फारसं पडत नाही.

मी अलेंका गोतारचं नाव सुचवते. ऑपेरात गाणारी सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच स्त्रीआवाजाची गायिका. २००७ साली हेलसिंकीला झालेल्या युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेत ती स्लोव्हेनियातर्फे उतरली. गाण्याला खाली डान्स म्युझिकचा ठेका आणि वर ऑपेराचा चढा, मोकळा सूर. तळहातात छोटासा दिवा लपवलेला. हात चेहऱ्याखाली धरला की अंधारात नुसता चेहरा उजळायचा. २००४ मध्ये उपांत्य फेरी सुरू झाल्यापासून स्लोव्हेनिया एकदाही अंतिम फेरीत पोचला नव्हता, हिनं पोचवला. शेवटी क्रमांक १५वा, गुण ६६. त्याच वर्षी लाटव्हियाचे सहा गायक हॅट घालून आले, इटालियनमध्ये ऑपेराच्या थाटाचं गाणं गायले आणि १६वे आले. गोतार मात्र आपल्या भाषेत गायली, आणि ते मला फार आवडलं.

आणखी नावं सुचत असतील तर रविवारपर्यंत कळवा.

मृणाल

श्रीकांत (व्हिएन्ना)

मृणाल,

गोतार जरूर ठेव. मुलांना तो दिवा आवडेल, आणि गाणंही चांगलं आहे. पण संध्याकाळ एकाच गायिकेला द्यायची असेल तर ती मेझो-सोप्रानो (सोप्रानोपेक्षा थोड्या खालच्या आवाजाची गायिका) बेर्नार्दा फिंकला द्यावी, असा माझा आग्रह आहे.

जन्म २९ ऑगस्ट १९५५चा, बुएनोस आइरेसचा. आईवडील स्लोव्हेन, दुसऱ्या महायुद्धानंतर देश सोडून गेलेले. घरात स्लोव्हेन, घराबाहेर स्पॅनिश. शिक्षण तेआत्रो कोलोनच्या संस्थेत. १९०८ साली उघडलेलं हे ऑपेरागृह आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणलं जातं. १९८५ मध्ये अर्जेंटिनातली नव्या आवाजांची स्पर्धा तिनं जिंकली आणि ती युरोपात आली. पुढे आर्नोनकूर, गार्डिनर, याकोब्स, यान्सोन्स अशा मोठ्या वाद्यवृंद-संचालकांबरोबर गायली. बाखचं मॅथ्यू पॅशन, म्हणजे ख्रिस्ताच्या यातना आणि मृत्यूवरची संगीतरचना, तिनं आर्नोनकूरकडेही ध्वनिमुद्रित केलंय आणि याकोब्सकडेही. हँडलच्या जूलिओ चेझारेत ती कोर्नेलिया आहे, मोत्सार्टच्या कोझी फान तुत्तेत दोराबेला. द्वोर्झाकची चेक गीतं गायली आहेत, फ्रेंचही गायली आहेत.

पण नावांची ही जंत्री बाजूला ठेवू. एकच गाणं घे. ग्लुकचा ऑर्फेओ हा ऑपेरा १७६२ साली इथे, आमच्या व्हिएन्नात, पहिल्यांदा झाला. ऑर्फेओची भूमिका तेव्हा ग्वादान्यी या कास्त्रातोनं (लहानपणीच खच्चीकरण केल्यामुळे आवाज उंच राहिलेला पुरुष गायक) केली होती, म्हणून आज ती बऱ्याचदा मेझो-सोप्रानो गायिकांकडे जाते. याकोब्सनं हीच व्हिएन्नाची संहिता ध्वनिमुद्रित केली तेव्हा ऑर्फेओ झाली बेर्नार्दा फिंक, युरिदिचे झाली व्हेरोनिका कान्जेमी आणि आमोर झाली मारिया क्रिस्तिना कीर. तिघी अर्जेंटिनाच्या! मेलेल्या बायकोला, युरिदिचेला, परत आणताना मागे वळून पाहायचं नाही अशी अट असते. ऑर्फेओ वळून पाहतो, बायको दुसऱ्यांदा मरते आणि मग ते प्रसिद्ध गाणं येतं. ग्लुकनं हा विलाप सी मेजरमध्ये बांधलाय. युरोपीय कानाला ही पट्टी स्वच्छ, उजेडाची वाटते, त्यामुळे या गाण्यात दुःख आहे कुठे, असा वाद समीक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या घातला. धृपद पुन्हा पुन्हा येतं. कित्येक जणी इथे हुंदका घालतात. फिंक घालत नाही. सूर सरळ ठेवते, अक्षर न्‌ अक्षर ऐकू येतं, आणि मध्ये युरिदिचेला मारलेल्या हाका येतात तिथे ती थांबते. ‘उत्तर दे’ म्हणते आणि खरंच उत्तराला जागा सोडते. ते दोन क्षण हेडफोन लावून ऐका.

आता तुझा मूळ मुद्दा, शास्त्रीय गळ्यानं बाहेरचं गाणं गाणाऱ्यांचा. क्रॉसओव्हर म्हणून आज जे विकलं जातं त्यात बहुधा ऑपेराचा आवाज घेतात आणि खाली ड्रम लावतात. फिंकनं गाण्याला काही लावलं नाही. लोकांच्या जवळची गाणी उचलली आणि बाखला देते तेवढाच मान त्यांना दिला. तिचा भाऊ मार्कोस फिंक बास-बॅरिटोन, म्हणजे खालच्या पट्टीचा गायक आहे. २००६ साली बहीणभावांनी अर्जेंटिनाच्या गाण्यांची सीडी काढली, पियानोवर कार्मेन पियात्सिनी. त्यात ग्वास्ताविनो आहे, ज्याला पाम्पाचा (अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांचा) शूबर्ट म्हणतात, आणि टँगोचा पियाझोलाही आहे. ज्या गावात वाढली त्या गावचा तो ताल आहे, तो तिला कुठून आणावा लागला नाही. मग दोघांनी मिळून स्लोव्हेन गीतांचीही एक केली, इपावेत्स, लायोवित्स, श्केर्यान्त्स वगैरे संगीतकारांची. तिथे पियानोवर अँथनी स्पिरी आहे.

ज्या देशात आपण जन्मलो नाही त्याची गाणी ही मुलं इतकी घरची म्हणून गातात, यात आपल्यासारख्या मंडळांना ऐकण्यासारखं खूप आहे. म्हणून हा आग्रह.

श्रीकांत

ऋतुजा (क्लागेनफुर्ट)

श्रीकांतकाका, मृणालताई,

फिंकला माझंही मत. ऑस्ट्रियाच्या दक्षिणेकडच्या केर्न्टन राज्यात राहते, जिथे स्लोव्हेन अल्पसंख्याक आहेत, म्हणून थोडी भर घालते.

तिचे पती व्हालेंतिन इन्त्स्को आमच्याकडचे, म्हणजे केर्न्टनचे स्लोव्हेन. ऑस्ट्रियाचे राजनैतिक अधिकारी. २००९ ते २०२१ ते बोस्नियात आंतरराष्ट्रीय समुदायाचे उच्च प्रतिनिधी होते. इथे गावांच्या पाट्यांवरून केवढा तंटा झाला ते नव्यानं आलेल्यांना माहीत नसेल. १९७२ मध्ये सरकारनं जर्मन आणि स्लोव्हेन अशा दुहेरी पाट्या लावल्या, तर जमावानं जाऊन त्या उपटून टाकल्या. वाद मिटायला २०११ साल उजाडलं. १६४ वाड्यावस्त्यांना दुहेरी पाट्या मिळाल्या, आणि त्या वाटाघाटींत स्लोव्हेनांच्या बाजूनं बसलेल्यांत इन्त्स्को होते. माझं माहेर बेळगावचं, त्यामुळे पाटीवरच्या दोन ओळींसाठी माणसं इतकी का झगडतात, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

पण काका, एक गोष्ट स्पष्ट बोलते. युद्धानंतर अर्जेंटिनाला गेलेल्यांचा इतिहास सरळ नाही. त्यांच्यात जर्मनांच्या बाजूनं लढलेले स्लोव्हेन सैनिक, म्हणजे दोमोब्रान्त्सी, आणि त्यांची कुटुंबं होती. इथल्या स्लोव्हेन शेजाऱ्यांकडे या विषयावर आजही आवाज चढतो. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरचे लोक नाझींविरुद्ध पार्टिझान म्हणून लढले होते. आपण ‘मातृभूमीला मुकलेले बिचारे’ एवढंच सांगून मोकळे झालो, तर ते मला पटणार नाही.

ऋतुजा

श्रीकांत (व्हिएन्ना)

ऋतुजा, बरं झालं लिहिलंस. हे सांगायलाच हवं, आणि पूर्ण सांगायला हवं.

मे १९४५ मध्ये हजारो लोक डोंगर ओलांडून तुझ्या क्लागेनफुर्टजवळच्या व्हिक्ट्रिंगच्या मैदानावर आले. त्यांच्यात दोमोब्रान्त्सी होते तसेच बायकामुलं, शिक्षक, शेतकरीही होते. ब्रिटिशांनी सुमारे १० हजार दोमोब्रान्त्सींना इटलीत नेतो असं भासवून युगोस्लाव्हियात परत पाठवलं. त्यांतल्या बहुतेकांना खटला न चालवता मारण्यात आलं. पाठोपाठ सुमारे ६ हजार नागरिकांची पाळी होती. छावणीतले डॉक्टर व्हालेंतिन मेर्शोल आणि कॅनडाचा मेजर पॉल बार यांनी धडपड करून ते थांबवलं. नंतर काही वर्षं ऑस्ट्रिया-इटलीतल्या छावण्यांत काढून त्यांच्यातले पुष्कळसे १९४७-४८च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष पेरोनच्या अर्जेंटिनात गेले. तिथे आधीपासून दुसरे स्लोव्हेन होतेच, मुसोलिनीच्या इटलीनं शाळांतून स्लोव्हेन भाषा हद्दपार केल्यावर समुद्रकाठच्या प्रिमोर्स्कातून निघून आलेले. भाषा एक, पण राजकारण बरंचसं उलटं, त्यामुळे दोन गटांचं फारसं जमलं नाही.

नव्यांनी बुएनोस आइरेसच्या उपनगरांत वस्त्या केल्या. आधी डोक्यावर छप्पर, मग लगेच चर्च, शनिवारची शाळा, वर्तमानपत्र आणि गायकवृंद. ‘गालुस’ हा त्यांचा वृंद १९४८चा, म्हणजे माणसं बोटीतून उतरून वर्षही झालं नसेल. याकोबुस गालुस हा सोळाव्या शतकातला स्लोव्हेन संगीतकार, त्याचं नाव. स्लोव्हेनांत चार सुरांत गाणं हे जेवणाच्या पंगतीतही चालतं. एकानं धरलं की दुसरा आपसूक खालचा सूर घेतो. मुलांना हे वर्गात शिकवावं लागत नाही, टेबलावर बसूनच येतं. तिथे वाढलेल्या मुलीच्या तोंडी ती भाषा कशी बसली असेल, याचा उलगडा मला व्याकरणाच्या तासापेक्षा या टेबलाशी होतो.

बापाच्या पिढीच्या राजकारणाचा हिशेब १९५५ साली जन्मलेल्या मुलीकडे मागता येत नाही. पण ऐकणाऱ्यांना तो माहीत असावा, इथे मी पूर्णपणे तुझ्या बाजूनं आहे. टिपणाचं एक पान तू लिही. माझ्यापेक्षा तू नीट लिहिशील, दोन्हीकडचे लोक तुझ्या शेजारात आहेत.

आणि मंडळातल्या व्याकरणप्रेमींसाठी: स्लोव्हेनमध्ये संस्कृतसारखं द्विवचन आजही रोजच्या बोलण्यात आहे. बहीणभावाचं द्वंद्वगीत ऐकताना लक्ष असू द्या.

श्रीकांत

मृणाल, सांस्कृतिक समिती (ग्राझ)

काका, ऋतुजा, मनापासून आभार. समितीच्या वतीनं फिंक पक्की करते.

सुरुवातीला मुलं जागी असतानाच गोतारचा व्हिडिओ, मग ऋतुजाचं टिपण. ते ती स्वतःच वाचेल, दहा मिनिटांत. त्यानंतर ग्लुक, काकांनी आधी काहीही सांगायचं नाही, गाणं संपल्यावर बोलायचं. चहानंतर बहीणभावांची अर्जेंटिनाची तीन गाणी आणि स्लोव्हेन चार. शेवटी बाख ठेवावा असं वाटत होतं, पण हॉल साडेआठला रिकामा करून द्यायचाय, आणि पॅशनमधलं गाणं घाईत उरकणं मला जमणार नाही. ते मार्चमध्ये, गुड फ्रायडेच्या आधी, स्वतंत्र करू.

प्रत्येक गाण्याचा अर्थ मराठीत छापून खुर्चीवर ठेवायचाय. इटालियनचं काम मी बघते. स्लोव्हेनसाठी ऋतुजाच्या शेजारच्या आजी मदत करतील असं ती फोनवर म्हणाली. स्पॅनिश येणारं कोण आहे? लिंत्सच्या मंडळींपैकी कुणी माद्रिदला शिकलंय असं ऐकलंय. त्यांनी कृपया मला थेट लिहावं, गीतांचे शब्द आजच पाठवते.

मृणाल