सोलापुरात पार्सल रिटर्न लई वाढलेत, काय करावं?

जुळे_सोलापूर_हब
नमस्कार मंडळी, एका कुरिअर कंपनीची फ्रँचायझी चालवतो, जुळे सोलापूर, विजापूर रोड आणि शहरातला थोडा एरिया. पैसे पोच झालेल्या पार्सलचेच मिळतात, परत गेलं तर पोराचं पेट्रोल आमच्या अंगावर. जास्त रिटर्न कॅश ऑन डिलिव्हरीचे, दारात गेलं की "मालक नाहीत, उद्या या", नाहीतर फोनच उचलत नाहीत. त्यात चांगली पोरं फूड डिलिव्हरीला चाललीत. तुम्ही काय करताय सांगा की.

रायडर_विडी_घरकुल
अण्णा, आधी टायमिंग बघा. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, सकाळी बायका विड्या जमा करायला आणि पान-तंबाखू आणायला कारखान्याच्या ब्रँचवर जातात, तेव्हा गेलं की कुलूप. दुपारनंतर त्या घरीच विड्या वळत असतात, पार्सल हमखास जातंय. पण एप्रिल-मेच्या ४२-४३ डिग्रीत भर दुपारी पोरांना पाठवू नका, चक्कर येऊन पडतील, मी तेव्हा पाचनंतर तिकडं जातो आणि दुकानं उघडली की आधी नवी पेठेतला बाजार संपवतो. अ‍ॅपला फक्त अंतर कळतं, कोण कधी घरी असतं ते पोरालाच माहीत, त्याला रूट ठरवू द्या.

टॉवेल_चादर_अक्कलकोट_रोड
विकणाऱ्याचं पण ऐका. परत आलेल्या चादरीचं जाण्यायेण्याचं भाडं मला बसतं आणि पॅकिंग मळलेलं असतं, नवी म्हणून विकता येत नाही. मी आता कॅशची ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर कन्फर्म झाल्याशिवाय पाठवत नाही, थोडा अ‍ॅडव्हान्स घेतो, फरक पडला. पण न जाताच "ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा मारणं बंद करा हो, गिऱ्हाईक दिवसभर वाट बघत बसलेलं असतं आणि शिव्या मला खाव्या लागतात.

पिनकोड_४१३००४
पत्त्यासाठी डिजिपिन बघा. पोस्ट खात्यानं आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या एनआरएससी या रिमोट सेन्सिंग केंद्रासोबत बनवलाय, मे २०२५ मध्ये आला. साधारण ४ बाय ४ मीटरच्या चौकोनाला १० अक्षरांचा कोड. "मारुती मंदिरामागं, पिवळं घर" यापेक्षा बरा, फक्त मजला कळत नाही, अपार्टमेंटला गेटपर्यंतच उपयोग. आणि पोरांची ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी करून घ्या. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, त्यात प्लॅटफॉर्म कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के कामगारांसाठी द्यायचेत. पोरगं पडलं तर घरच्यांनी कुणाकडं बघायचं, हे आपण कधी विचारतच नाही.

जुळे_सोलापूर_हब
शेऱ्याचं खरंय दादा, उद्यापासून शेरा मारायच्या आधी हबमधून गिऱ्हाइकाला फोन लावायला सांगतो. रायडरभाऊ, पाचनंतर पार्सल वाटली तर कॅशचा हिशोब रात्री उशिरा होतो, कंपनी त्याच दिवशी भरणा मागते, त्याचं कसं?

रायडर_विडी_घरकुल
दारातच क्यूआर दाखवायचा. म्हाताऱ्या माणसांकडं कॅशच असते, पण नातवाला हाक मारली की तो फोनवरनं भरतो. उरलेली कॅश थोडीच राहते, ती मोजायला वेळ लागत नाही.